सोपानमामांचं बहिरं मशीन

आणखी एक कोयता मानेपाशी चिरला. सोपानमामांनी तो सांडशीत धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला, चीर नीट दिसावी म्हणून जरा तिरका केला आणि मग माझ्या बुटांजवळ टाकून दिला.

"मॅडम, तुमचं मशीन बहिरं हाय," ते म्हणाले. "मी थांब म्हणायलोय, ते ठोकायलंय."

मी कोयता उचलायला वाकले. भट्टीपाशी बसलेल्या त्यांच्या बायको, गयाबाई, तिथूनच म्हणाल्या, "हात लावू नका, माय. कॉलेजात थंड करून देत असत्याल, हितं गरमच असतंय."

मी हात मागे घेतला आणि 'थँक्यू' म्हणाले. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा पहिला अर्धा तास असा गेला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. परभणीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून काम करते. आम्ही पॉवर हॅमर बनवतो, म्हणजे लोहाराच्या घणाचं काम करणारं मशीन. घण म्हणजे लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी उचलायचा मोठा हातोडा. आमच्या मशीनमध्ये एक मोटर, एक पट्टा, एक चाक, त्याच्या वर ट्रकच्या पाट्यांसारखी स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला लोखंडाचा ठोकळा असतो. खाली ऐरणीच्या जागी दुसरा ठोकळा. लोहाराने तापलेलं लोखंड सांडशीने दोन ठोकळ्यांच्या मध्ये धरायचं आणि पायाने पेडल दाबायचं. हलकं दाबलं की हलका ठोका, जोरात दाबलं की जोरात. पाय उचलला की मशीन थांबतं. यात बहिरं व्हायला कान कुठे आहेत, ते मला त्या सकाळी तरी कळलं नव्हतं.

गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून थोडं आत. परभणीहून एसटीने गंगाखेड आणि तिथून शेअर रिक्षा. रिक्षात शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरची पेटी बघून विचारलं होतं, कुठल्या लग्नात मेकअप करायला चाललीस. मी म्हणाले, लोहाराकडे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दसरा तोंडावर आला होता. दसरा झाला की त्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि निघण्याआधी प्रत्येकाला नवा कोयता लागतो, नाहीतर जुना पाजळून, म्हणजे तापवून, ठोकून, परत धार काढून लागतो. बाजारात तयार कोयते मिळतात. पण ट्रकच्या जुन्या पाट्यातून सोपानमामांनी काढलेला कोयता हातात बसतो, असं टोळीवाल्यांचं म्हणणं. सोपानमामांचं म्हणणं त्याहून थोडं मोठं होतं. त्यांच्या मते आसपासच्या पाच-पन्नास गावांत कोयता फक्त तेच करतात, बाकीचे पत्रा वाकवतात.

आता हेच सोपानमामा दोन आठवडे कोयते चिरवत होते.

मशीन त्यांच्या मुलाने घेऊन दिलं होतं. तो चाकणला एका कंपनीत आहे. कारण साधं होतं. लग्न झाल्यापासून या दुकानात घण गयाबाई मारत आल्या होत्या. मामा बसून लोखंड धरायचे, त्या समोर उभ्या राहून घण टाकायच्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा गेला. गंगाखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा घण उचललात तर हात डोक्यापर्यंत जायचा बंद होईल. आत्ताही त्या पदर डाव्या हाताने सावरत होत्या.

मशीन बसवलं त्या दिवशी आमचे सर स्वतः आले होते. सर म्हणजे कंपनीचे मालक. त्यांना इन्स्टॉलेशनच्या वेळी भाषण करायला आवडतं. त्यांनी गयाबाईंना सांगितलं होतं, "मावशी, आता तुम्ही फक्त चहा करायचा." आमच्या ब्रोशरवरही तसाच फोटो आहे. मशीनपाशी हसरा लोहार, मागे ट्रे घेऊन उभी त्याची बायको.

"तुमच्या साहेबाला सांगा," गयाबाई मला म्हणाल्या, "चहा मला जमत न्हाई. आमच्याकडं तो हेच करत्यात."

मी हो म्हणाले. मला मोठमोठ्याने बोलता येत नाही, अनोळखी लोकांत तर मुळीच नाही. हे सर्व्हिसच्या कामात वाईट समजलं जातं. पण रागावलेल्या कस्टमरला मध्ये न बोलणारं माणूस आवडतं. त्याला वाटतं आपलं ऐकून घेतलं जातंय. बहुतेक वेळा मी खरंच ऐकत असते.

गयाबाईंना मात्र ते आवडलं नव्हतं. "तुमच्या इंग्लिश शाळंत बोलायला येगळी फी पडत व्हती का?" त्यांनी विचारलं. मी हसले. "हसायला पडत नसंल," त्या म्हणाल्या.

मी मशीन उघडलं. आमच्या कामात क्रम ठरलेला असतो. आधी वीज, मग मोटर, मग पट्टा, मग स्प्रिंगचे बोल्ट, मग डाय. डाय म्हणजे ते वरचे-खालचे ठोकळे. ते एकमेकांसमोर अगदी सरळ हवेत, नाहीतर लोखंड एका बाजूला जास्त दबतं आणि चिरतं. सगळं तपासलं. व्होल्टेज थोडं कमी होतं, पण चालण्यासारखं. डाय सरळ होत्या. पट्ट्याला ताण बरोबर होता. पेडल सोडलं की मशीन लगेच थांबत होतं.

मग लोखंड. पाटे नेहमीच्याच भंगारवाल्याकडून आणलेले, नेहमीच्याच जातीचे. याच लोखंडाचे कोयते मागच्या वर्षीपर्यंत चिरत नव्हते.

म्हणजे उरला ऑपरेटर.

मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. सर खूश झाले. मशीन चांगलं असून ऑपरेटर वाईट निघाला की ते नेहमीच खूश होतात.

"ट्रेनिंग दे, फोटो काढ आणि ये," सर म्हणाले.

"सर, ते परत न्या म्हणतायत."

"परत आणायचं नाही, रेवती. परत आलेल्या मशीनची तालुकाभर चर्चा होते."

मी आत आले तेव्हा भिंतीला टेकून ठेवलेला घण पहिल्यांदा नीट दिसला. डोकं जुनं होतं, झिजून कडा गोल झालेल्या. दांडा मात्र कोरा, नुकता तासलेला. खाली जमिनीवर अजून ढलप्या पडल्या होत्या.

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

सोपानमामा भट्टीत कोळसा सारायला लागले. तिथे कोळसा पुरेसा होता.

"माझ्यासाठी," गयाबाई म्हणाल्या. "तुमचं मशीन गेलं तर घण कोण मारंल? टोळ्या काय आमच्यासाठी थांबायल्यात? डाव्या हातानं उचलायचं शिकायलेय. उजवा नुसता टेकवायचा."

त्यांनी ते सहज सांगितलं. मामांनी मान वर केली नाही. मला तेव्हा कळलं की मशीन परत नेलं, तर त्याच संध्याकाळी त्या घण उचलणार आहेत. सरांचा ट्रेनिंगचा फोटो काढून मी पाचच्या एसटीने गेले तरी तेच होणार होतं, फक्त दोन दिवस उशिरा.

मी पेटी बंद केली, एक उलटं घमेलं ओढलं आणि बसले. "मामा, तुम्ही काम करा," मी म्हणाले. "मी नुसती बघते."

"बघा की," मामा म्हणाले. "बघायला टिकीट न्हाई."

इथे लोखंडाबद्दल थोडं सांगायला हवं. पाट्याचं लोखंड भट्टीत तापून केशरी झालं की मऊ असतं. तेव्हा त्याला हवा तसा आकार देता येतो. बाहेर काढल्यापासून ते थंड होऊ लागतं. केशरी, लाल, गडद लाल, मग काळपट. काळपट व्हायला लागलं की ठोकायचं थांबायचं आणि परत भट्टीत घालायचं. थंड होत आलेल्या लोखंडावर दोन-चार ठोके जास्त पडले की आत बारीक चीर जाते. ती कधी लगेच दिसते, कधी पाण्यात बुडवल्यावर.

आमच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. 'चेरीसारखा लाल रंग गेल्यानंतर ठोकू नये.' मी ते वाक्य मोबाईलवर मामांना वाचून दाखवलं.

"चेरी म्हंजे?" गयाबाईंनी विचारलं.

"केकवर असते ती."

"ती तर गुलाबी असती. त्या रंगाचं लोखंड मी जन्मात बगितलं न्हाई." त्या मामांकडे वळल्या. "तुमी बगितलं का वो, केकाच्या रंगाचं?"

"नातवाच्या वाढदिवसाला," मामा म्हणाले. "पर ते लोखंड नव्हतं."

ते मॅन्युअल इंग्रजीतून मराठीत मीच केलं आहे. हे मी सांगितलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणता त्या रंगाला?" मी विचारलं.

गयाबाईंनी थोडा विचार केला. "काय म्हणायचं. लोखंड पेंगायला लागलं की थांबायचं."

मामांनी पाटा बाहेर काढला. गयाबाई डाव्या हाताने ब्लोअर फिरवत होत्या. पूर्वी भट्टीला हवा द्यायला चामड्याचा भाता असायचा, आता हाताने फिरवायचा पंखा असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. मामा मशीनपाशी गेले. डाव्या हातात सांडशी, सांडशीत पाटा. उजव्या हातात त्यांची छोटी हातोडी.

मशीनवर काम करताना उजव्या हातात हातोडीचं काहीच काम नसतं. हे त्यांना इन्स्टॉलेशनच्या वेळीही सांगितलेलं होतं. पण त्यांनी ती सोडली नव्हती. पेडल दाबण्याआधी त्यांनी लोखंडावर हातोडीने हलकेच टिण केलं. मग मशीन सुरू झालं. धप, धप, धप. मध्येच त्यांनी मशीनच्या कडेवर दोनदा टिण टिण केलं. मशीन आपल्याच चालीने ठोकत राहिलं. शेवटी त्यांनी हातोडी आडवी करून कडेवर ठेवली. मशीनने आणखी तीन ठोके घातले. मग त्यांना पायाची आठवण झाली आणि त्यांनी तो उचलला.

"बगितलं?" मामा म्हणाले. "थांब म्हणलं तरी ऐकंना."

"तुम्ही थांब म्हणता, म्हणजे काय करता?"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि हातोडी परत आडवी ठेवून दाखवली.

मग त्यांनी मला ती सगळी रीत सांगितली. घणाच्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसतो. म्हणून लोहार हातोडीने बोलतो. लोखंडावर जिथे टिण करील तिथे घण पडला पाहिजे. ऐरणीच्या कडेला दोनदा वाजवलं की हलके ठोके. हातोडी आडवी ठेवली की घण वरच्या वर थांबला पाहिजे. त्यांच्या वडिलांच्या आणि आईच्या वेळीही असंच होतं. लग्न होऊन आलेल्या सुनेला स्वयंपाकाच्या आधी हे शिकवायचे.

"स्वयंपाक मग ऱ्हाऊनच गेला," गयाबाई म्हणाल्या.

आता बहिरं म्हणजे काय ते मला समजलं. मामांच्या पायाला कधी काही काम नव्हतं. त्यांचं 'थांब' उजव्या हातात होतं. हात वेळेवर थांबत होता आणि पाय मागून येत होता. मधले तीन ठोके कोयत्याची मान चिरत होते.

पण मी अजून दोन वेळा बघितलं, आणि दुसऱ्या वेळी मामांकडे बघायचं सोडून दिलं. माझी नजर खाली गेली होती. न बोलणाऱ्या माणसांची नजर बरीचशी खालीच असते. गयाबाई पाटावर बसून ब्लोअर फिरवत होत्या. त्यांचा उजवा पाय पुढे होता आणि बोटातलं जोडवं भट्टीच्या उजेडात चमकत होतं. मशीनच्या प्रत्येक ठोक्याला ते जोडवं जमिनीला टेकत होतं. ठोका हलका हवा असेल तिथे ते हलकेच टेकत होतं. लोखंड गडद व्हायला लागलं तसं ते वर उचललं गेलं आणि वरच राहिलं.

त्यानंतर मामांनी हातोडी आडवी ठेवली. त्यानंतर मशीनचे तीन ठोके.

म्हणजे पाय उशिरा होताच. पण हातोडीसुद्धा थोडी उशिराच होती. एवढी वर्षं ती वेळेवर पोचते असं मामांना वाटत होतं, कारण ती आडवी व्हायच्या आत घण थांबलेला असायचा.

मी वर पाहिलं. गयाबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी काय पाहिलं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि ब्लोअर जोरात फिरवायला लागल्या.

आता माझी पंचाईत झाली. आमच्या कामात कारण सापडलं की सांगायचं असतं. पण पाच-पन्नास गावांत एकटाच कोयता करणाऱ्या माणसाला, त्याच्याच दुकानात, त्याच्याच बायकोसमोर, 'मामा, थांबायचं कधी ते तुम्हाला नाही, मावशींना कळतं' असं मी सांगायचं होतं. गयाबाईंचा चेहरा असा होता की, मी ते बोलले तर त्या माझ्या बाजूने नाही, नवऱ्याच्या बाजूने भांडतील.

"मामा," मी म्हणाले, "पूर्वी हातोडी आडवी ठेवली की मावशी लगेच थांबायच्या?"

"लगेच. एक ठोका जास्त न्हाई. माझ्या हाताखाली तयार झालेली हाय ती."

ब्लोअर फिरत राहिला.

"मग तुमचं बरोबर आहे. मशीनला तुमचं ऐकू येत नाही. ते नुसतं पेडलचं ऐकतं. तुमचं ऐकणारं माणूस पेडलवर पाहिजे."

मामा विचारात पडले. सांडशीतला पाटा परत भट्टीत घालून ते गयाबाईंकडे वळले. "म्हंजे ही?"

"मावशींचा खांदा दुखतो. पाय तर बरा आहे ना?"

"पाय बरा हाय का गं?" मामांनी विचारलं.

"लय बरा हाय," गयाबाई म्हणाल्या. "आजवर कुणी इचारलं न्हाई."

मी परत सरांना फोन केला. या वेळी ते खूश झाले नाहीत आणि त्यांचं चुकतही नव्हतं. अशा मशीनचा पहिला नियम आहे की हात ज्याचा, पाय त्याचाच. एकाने लोखंड धरलं आणि दुसऱ्याने पेडल दाबलं तर बोटं जातात. म्हणून तर आम्ही पेडल समोर, एकाच माणसासाठी दिलं आहे.

मी मामांना बोटांचं सांगितलं. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. काळे, जाड, नखं चेपलेली.

"हिचा घण आजपर्यंत ह्यांच्यापासून वीतभरावर पडत आलाय," ते म्हणाले. "दहाच्या दहा हायेत. मोजून घ्या आन् साहेबाला सांगा."

मी सांगितलं, शब्दशः.

"लाल बटण त्याच्या हाताशी आण," सर शेवटी म्हणाले. "सांडशी लांब. आणि मी परवानगी दिलेली नाही, मी फक्त ऐकलंय."

लाल बटण म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. ते दाबलं की सगळं बंद. मशीनच्या मागे होतं, ते मी केबल वाढवून मामांच्या उजव्या हाताला बसवलं. लांब सांडशी त्यांच्याकडे होतीच. प्रश्न पेडलचा होता. ते मामांच्या बाजूला होतं आणि गयाबाई उभ्या राहणार समोरच्या बाजूला, जिथे घण मारणारं माणूस उभं राहतं तिथे. बसून करा म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही. नीट काम करायचं तर पेडलला लोखंडी पट्टी जोडायला हवी होती. पण आधी ही कल्पना चालते की नाही ते बघायचं होतं. मी म्हणाले, एक मजबूत लाकूड मिळेल का, साधारण एवढं लांब, पेडलच्या वाकात घालून पलीकडे काढायला.

तिघांनीही एकाच ठिकाणी पाहिलं.

"दांडा नवा हाय," मामा म्हणाले. "काल दिवसभर तासलाय मी."

"काढा," गयाबाई म्हणाल्या.

मामांनी दुसऱ्यांदा सांगायची वाट बघितली नाही. घण उलटा धरून त्यांनी दांडा दोनदा ऐरणीवर आपटला. डोकं सैल झालं आणि खाली पडलं. ते त्यांनी पायाने भिंतीकडे सरकवलं, बरंच लांब.

दांडा पेडलमध्ये घालून आम्ही सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधला. आधी लोखंड न धरता मशीन चालवलं, मग ठोकळ्यांमध्ये लाकडाचा तुकडा धरून. गयाबाई भिंतीला डावा हात टेकून उभ्या होत्या. दांड्याच्या टोकावर त्यांचा पाय. पहिल्यांदा पाय जोरात पडला आणि लाकडाच्या चिंध्या झाल्या.

"घणापेक्षा हलका हाय," त्या म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलं होतं, पण ते त्यांनी तेवढ्यावरच ठेवलं.

मग खरा पाटा. मामांनी तो केशरी करून आणला, ठोकळ्यावर धरला आणि ओरडले, "हं, दाब. दाब की."

गयाबाईंनी पाय उचलून घेतला. "तोंडानं न्हाई," त्या म्हणाल्या. "हातोडीनं बोला."

मामांनी हातोडीने लोखंडावर टिण केलं. धप. टिण. धप. नंतर मधला वेळ इतका कमी झाला की टिण कुठलं आणि धप कुठला ते वेगळं ऐकू येईना. मानेपाशी आल्यावर मामांनी कडेवर दोनदा वाजवलं आणि मशीन हलकं झालं. मी पहिल्यांदाच आमचं मशीन असं चालताना पाहिलं. फॅक्टरीत टेस्टिंगला ते एकसारखं ठोकतं, कारण तिथे त्याला कुणी काही सांगत नाही.

लोखंड गडद व्हायला लागलं. जोडवं दांड्यावरून उचललं गेलं. मशीन थांबलं. मामांनी हातोडी आडवी ठेवली.

असं चार-पाचदा तापवून कोयता झाला. मामांनी त्याला पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवून कडक केला आणि परत जरासा तापवून धार टिकेल एवढं त्याचं कडकपण उतरवलं. मग मानेला धरून ऐरणीवर वाजवला. चिरलेला कोयता बसक्या आवाजात वाजतो. हा खणकन वाजला. त्यांनी तो उजेडात दोन्ही बाजूंनी बघितला, अंगठ्याने मान चाचपली आणि गयाबाईंकडे दिला. त्यांनी डाव्या हाताने घेऊन माझ्यापुढे धरला.

"आता घ्या," त्या म्हणाल्या. "थंड करून दिलाय."

त्यानंतर मामांनी चहा केला. चांगला होता.

पाचची एसटी गेली होती. साडेसहाच्या एसटीने मी परत आले. दोन दिवसांनी लोखंडी पट्टी, पेडलवर काही पडू नये म्हणून वरून पत्र्याचं कव्हर आणि गयाबाईंना धरायला एक दांडी घेऊन गेले. पत्रा आणि दांडी त्यांनी बसवू दिली. लाकडी दांडा काढू दिला नाही. मी टेक्निकल कारणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, तुमची पट्टी ठेवून जा, कोयते होत्याल तिचे. शेवटी लाकडावर खालून लोखंडी पट्टी मारून आम्ही तडजोड केली. टोळ्या निघाल्या तेव्हा कोयते वेळेवर त्यांच्या हातात होते.

सरांनी महिन्याभरात दोन पेडलचं मशीन ब्रोशरवर आणलं. त्याला 'फॅमिली मॉडेल' नाव दिलं. मी 'टू-पर्सन मॉडेल' सुचवलं होतं. मामा चहाचे कप घेऊन उभे आहेत असा एक फोटोही मी सरांना पाठवला होता. तो त्यांनी घेतला नाही. मॅन्युअलमधून चेरी मी काढून टाकली आणि तिथे 'लोखंड पेंगायला लागल्यावर ठोकू नये' असं लिहिलं. सरांनी ते वाक्य कापलं. तिथे आता 'योग्य वेळी थांबावे' असं आहे, ज्याचा कुणालाच काही उपयोग नाही.

संक्रांतीच्या सुमारास मी रुटीन सर्व्हिससाठी परत गेले. गयाबाईंचा खांदा बरा होता. केस बांधायला त्या दोन्ही हात वर नेत होत्या. मामांकडे शेजारच्या गावचा एक लोहार मशीन बघायला आला होता. मामा त्याला समजावून सांगत होते की मशीन सगळ्यांचंच ऐकत नाही, त्याला हातोडीची भाषा शिकवावी लागते, त्याला वेळ लागतो. मग त्यांनी दाखवण्यासाठी एक पाटा घेतला. टिण, धप, टिण, धप.

जोडवं उचललं गेलं. मशीन थांबलं. हातोडी आडवी झाली.

"बगितलं?" मामा त्या लोहाराला म्हणाले. "हातोडी ठेवली की थांबतंय."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्याचा ताण तपासत होते. तो बरोबर होता. मी पेटी बंद केली आणि मशीनमध्ये काही दोष नाही असं सांगितलं. सर्व्हिस इंजिनिअरने नीट चाललेल्या जागी पाना लावू नये.